पोलीस नसलेला कायदा

एप्रिल लागला की लातूरच्या कोर्टासमोरचा कडुनिंब फुलतो आणि त्याचा कडसर गोड वास माझ्या टेबलापर्यंत येतो. याच सुमाराला माझ्याकडे काम शिकायला येणारी पोरंपोरी एकेक करून दिसेनाशी होतात. परीक्षा जवळ आलेली असते. यंदा शेवटच्या वर्षाची श्रद्धा रजा मागायला आली. हातात जाडजूड पुस्तक, चेहरा उतरलेला.

"मॅडम, बाकीचं सगळं जमेल," ती म्हणाली. "हा आंतरराष्ट्रीय कायदा कशाला ठेवलाय तेच कळत नाही. लातूरच्या कोर्टात कोणता देश भांडायला येणार आहे?"

मी हसून रजा दिली. ती गेली, आणि समोरच्या वाटणीच्या दाव्यात माझं लक्ष लागेना. अगदी हाच प्रश्न डोक्यात घेऊन मी याच शहरात, अशाच उन्हात हिंडले होते. त्या वर्षी मला त्याचं उत्तरही मिळालं होतं, पण ते परीक्षेच्या हॉलमध्ये नाही, नदीच्या कोरड्या पात्रात.

लातूर जिल्हा होऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. दुकानांच्या पाट्यांवरचं 'जि. उस्मानाबाद' पुसून त्यावर 'जि. लातूर' रंगवलेलं असे आणि ऊन तिरपं पडलं की नव्या रंगाखालून जुनी अक्षरं वर येत. लोकांना त्याचंही कौतुक. गंजगोलाईच्या बाजारात सामान देताना दुकानदार गिऱ्हाइकाला विचारी, "कोणता जिल्हा?" आणि गिऱ्हाईक छाती काढून सांगे, "आपलाच की." नवी राष्ट्रं जन्माला येतात तेव्हा बाकीच्यांनी त्यांना मान्यता द्यावी लागते, असा एक धडा आम्हाला होता. तो पाठ करताना मला त्या पाट्या आठवत आणि धडा एका वाचनात डोक्यात बसे.

पावसानं मात्र नव्या जिल्ह्याचं कौतुक केलं नाही. सलग दुसरं वर्ष कोरडं गेलं होतं. डाळमिलांच्या भुशाचा वास हवेत असायचा, पण मिला अर्धा वेळ बंद. आम्ही तिघी मुली एका खोलीत राहायचो. टँकर आला की पुस्तकं उलटी टाकून घागरी घेऊन पळायचं आणि परत येऊन ओल्या हातानंच पान उलटायचं. माझ्या त्या वर्षीच्या पुस्तकांची पानं अजून फुगलेली आहेत.

आंतरराष्ट्रीय कायदा शिकवायला हाश्मी सर नांदेडहून एस.टी.नं यायचे. तिथल्या कोर्टात वकिली करायचे आणि आठवड्यातून एकदा आमच्यासाठी इकडे यायचे. काळा कोट घडी करून हातावर, बुटांवर वाटेतली सगळी धूळ. वर्गात आले की आधी अर्धा ग्लास पाणी प्यायचे, उरलेल्यावर वही झाकून ठेवायचे आणि मग शिकवायला लागायचे. वर पत्रे होते. दुपारी ते तापून कटकट वाजत आणि त्या आवाजात सरांचं बोलणं ऐकायला कान पुढे करावे लागत.

पहिल्याच आठवड्यात मागच्या बाकावरून एकानं विचारलं, "सर, याला पोलीस नाही, जेल नाही. एक देश दुसऱ्याला ओढून कोर्टातही नेऊ शकत नाही. मग याला कायदा कसं म्हणायचं?"

सर रागावले नाहीत. उलट त्यांना तो प्रश्न हवाच होता असं वाटलं. "तुमच्या घरात पोलीस आहे?" त्यांनी विचारलं. "नाही. तरी कोण आधी जेवतं, कोण नंतर, कुणाला काय विचारून करायचं, सगळं ठरलेलं असतं ना? सगळे पाळतात. का पाळतात?"

त्यांनी वर्गावरून नजर फिरवली.

"कारण उद्या पुन्हा त्याच घरात राहायचं असतं. शेजारच्या देशाला उचलून दुसरीकडे ठेवता येत नाही बेटा. या कायद्याची ताकद तेवढीच आहे, आणि ती कमी नाही."

मग एकदा त्यांनी नद्यांचा धडा घेतला. फळ्यावर वरून खाली एक रेघ ओढली, ती नदी. मध्ये आडवी रेघ, ती हद्द. वरचा देश म्हणतो, माझ्या जमिनीवरचं पाणी माझं, मी वाटेल ते करीन. खालचा म्हणतो, पिढ्यान् पिढ्या जेवढं येत होतं तेवढं यायलाच पाहिजे, थेंब कमी चालणार नाही. "दोघांपैकी कुणाचंही पूर्ण खरं मानलं तर दुसऱ्याला मरावं लागतं," सर म्हणाले. "म्हणून कायदा या दोघांच्या मध्ये उभा राहतो. ज्याची गरज मोठी त्याचा वाटा आधी. आणि नदीत काही करायचं तर आधी शेजाऱ्याला सांगायचं." मी ते उतरवून घेतलं. वर्गात बसून ते फार सोपं वाटलं होतं.

परीक्षेच्या आधीची सुट्टी लागली आणि मी अभ्यासाला गावी गेले. आमचं गाव अहमदपूरकडचं, लातूर जिल्ह्याच्या अगदी काठावर. गावाला लागून एक लहान नदी वाहते आणि पुढे मन्याडला मिळते. नदी आमची शीव ओलांडते तिथे नांदेड जिल्हा लागतो, कंधार तालुका, आणि कोसभर खाली माझ्या अक्काचं सासर. आमच्या गावाला सगळे वरचं गाव म्हणत, त्यांच्या गावाला खालचं. हद्द जुनीच होती, पण पूर्वी जिल्ह्याची कचेरी इतकी लांब होती की हद्दीची आठवण कुणाला होत नसे. कचेरी जवळ आली आणि हद्द जागी झाली.

गावात शिरतानाच मला इंजिनाचा आवाज आला. तेलावर चालणारं, टुकटुक करत धूर सोडणारं ते इंजिन आमचं होतं. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, चार वर्षांपूर्वी नदीकाठच्या तुकड्यात मोसंबी लावली होती. आमच्या भागात ते धाडसच. हातानं आळी करून, पोरांसारखी झाडं वाढवलेली. यंदा पहिला बहर धरायचा होता आणि नदी आटली होती. पात्रात एक डोह तेवढा शिल्लक, तोही वरच्या झऱ्यावर जगणारा. तर गावानं मिळून त्या डोहाच्या खालच्या अंगाला वाळूची पोती टाकून बांध घातला होता. बायका डोहातून घागरी भरत, गुरं तिथंच पीत, आणि अप्पांचं इंजिन तिथूनच पाणी ओढी. बागेत गेले तर झाडं हिरवीगार. मोसंबीच्या फुलांचा तो वास इतका दाट होता की क्षणभर दुष्काळ खोटा वाटला.

"बघ," अप्पा म्हणाले. त्यांना माझ्याकडून दुसरं काही ऐकायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अक्काला भेटायला गेले. पात्रातूनच चालत गेले. बांधाच्या खाली वाळू इतकी कोरडी की चप्पल घोट्यापर्यंत रुते. अक्का पात्रात बसली होती. वाळूत खड्डा करून, त्यात झिरपणारं पाणी वाटीनं घागरीत भरत होती. तिला आठवा सरला होता. वाकताना एक हात कमरेवर.

"बांधाच्या आधी इथं गुडघाभर खणलं तरी पाणी लागायचं," ती म्हणाली. "आता कंबरभर जावं लागतंय." तिनं अप्पांचं नाव घेतलं नाही. खालच्या शांत हवेत इंजिनाचा आवाज स्पष्ट येत होता. दोघींनी तो ऐकला आणि दुसरंच काहीतरी बोलायला लागलो.

खालच्या गावाची माणसं आधीच नांदेडच्या कचेरीत जाऊन आली होती. तिथं त्यांना सांगितलं गेलं, बांध लातूर जिल्ह्यात आहे, आम्ही काही करू शकत नाही. मग ते लातूरला आले. नव्या कचेरीत रंगाचा वास, खोल्यांवर अजून पाट्या नाहीत. तिथला कारकून सज्जन होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमचं गाव कोणत्या जिल्ह्यात?" त्यांनी सांगितलं. "मग तुमची दरखास्त इथं कशी घेऊ?"

अक्काचे सासरे, ज्यांना मी मामा म्हणायची, त्यांनी ही हकीकत मला ओट्यावर बसून सांगितली. आवाज चढवला नाही. "तुमचं गाव पितंय त्याला आमची ना न्हाई, पर आमी कुणाचेच न्हाईत बघ," एवढंच म्हणाले. मला सरांनी फळ्यावर ओढलेली आडवी रेघ आठवली. दोन बाजूंना दोन सत्ता, आणि दोघांच्या वर कुणीच नाही. जे मी परीक्षेसाठी वाचत होते ते या ओट्यावर बसलं होतं.

मग खालच्या गावानं रस्ता बंद केला. आमच्या गावाला डांबरी सडकेवर जायचं तर त्यांच्या शिवारातून जावं लागे. आमच्या गाड्या कंधारच्या बाजाराला निघाल्या, त्या त्यांनी शिवेवर परत फिरवल्या. कुणाला हात लावला नाही, नुसत्या फिरवल्या. आमच्याकडे संताप झाला. काठ्या बाहेर निघतील असं वाटायला लागलं. त्यातच अक्काला बाळंतपणाला आणायची वेळ झाली होती आणि अव्वा, माझी आई, दिवसभर दारात येऊन रस्त्याकडे बघे. शेवटी अप्पांनी गडी माणूस देऊन गाडी पाठवली. ती गाडी मात्र खालच्या गावानं अडवली नाही. बैलांना पाणीसुद्धा दाखवलं, जेवढं होतं तेवढं.

गाडी परत आली ती रिकामी. अक्कानं गडी माणसाजवळ निरोप दिला होता. तो त्यानं मान खाली घालून सांगितला. "माझ्या घरची माणसं तहानलेली ठेवून मी माहेरी पाणी प्यायला येणार न्हाई."

अव्वा आत गेली. अप्पा बराच वेळ बैलांच्या मानेवरून हात फिरवत राहिले.

संध्याकाळी ते बागेत होते. मी गेले तसं त्यांनी विचारलं, "नंदे, तू एवढा कायदा शिकून राहिलीस. आपल्या शिवारातलं पाणी आपलंच हाय, असं कुठंतरी लिहिलेलं असंलच की."

"लिहिलेलं आहे अप्पा," मी म्हणाले. "मोठमोठे देश तसं म्हणाले आहेत. पण त्याच्या खालीच लिहिलंय की तसं म्हणणाऱ्यांनाही पुढं शेजाऱ्यापाशी येऊन बसावं लागलं."

"मग बांध फोडून टाकू? गाव मरू दे?"

"बांधाचं मी म्हणतच नाही. गाव पितं त्याला खालच्यांची ना नाही. मामा स्वतः मला तसं बोलले. त्यांना इंजिन ऐकू येतं अप्पा."

ते झाडाकडे बघत म्हणाले, "ही झाडं मी हातानं लावली हायत."

"मला माहीत आहे."

"तू माझी पोर हायस का त्यांची वकील?"

याचं उत्तर मी तेव्हा दिलं नाही. आज इतकी वर्षं काळा कोट घातल्यावर देऊ शकते. दोन्ही असता येतं. त्या वयातही मला ते आतून ठाऊक होतं, म्हणून तर मी तिथून हलले नाही. "एकदा बसून बोला," मी म्हणाले. "आपल्या गावात नको, त्यांच्या गावात नको. शिवेवर बसा."

शिवेवर नदीकाठी महादेवाचं देऊळ आहे. दोन्ही गावांची जत्रा तिथं एकत्र भरते. पुढच्या सोमवारी सकाळी तिथल्या चिंचेखाली माणसं जमली. वरची एकीकडे, खालची एकीकडे, मध्ये रिकामी जागा. मी अप्पांच्या मागे उभी होते. मुलीनं अशा ठिकाणी उभं राहण्याची रीत नव्हती, पण शिकायला बाहेर ठेवलेली पोर म्हणून कुणी हटकलं नाही.

सुरुवात व्हायची तशीच झाली. आमच्याकडचे म्हणाले, आमच्या शिवारातलं पाणी आमचं. खालचे म्हणाले, आमच्या आज्यापंज्यांपासून येतंय ते आलंच पाहिजे. सरांचा धडा शब्द न् शब्द समोर चालला होता, फक्त देशांच्या जागी धोतरं आणि पागोटी होती. आवाज चढत गेले. थोडा वेळ असाच गेला असता तर सगळे उठून गेले असते.

मी पुढे झाले. "एक विचारू का?" म्हणाले. माझा आवाज कापला नाही, याचं मलाच नवल वाटलं. "पाणी कुणाच्या जमिनीवर आहे ते राहू द्या. त्याची गरज कुणाकुणाला आहे तेवढं सांगा. आधी कुणाला?"

"माणसांला," मामा म्हणाले.

"मग?"

"गुरांला," आमच्या बाजूचा कुणीतरी म्हणाला.

"मग?"

दोन्ही गावांची माणसं जमिनीकडे बघायला लागली, कारण पुढचं उत्तर सगळ्यांना माहीत होतं आणि त्या उत्तराचा मालक समोर बसला होता. माझ्या तोंडून ते नाव निघणार नव्हतं. मी थांबले. आयुष्यात पुढं कितीतरी दावे चालवले, पण गप्प राहणं मला पुन्हा कधी इतकं जड गेलं नाही.

अप्पांनी घसा साफ केला. "झाडांला," ते म्हणाले. "झाडं माझी हायत. इंजिन माझं हाय. आजपासून बंद."

मामा जागेवरून उठले आणि मधली रिकामी जागा ओलांडून अप्पांजवळ येऊन बसले. "बांध फोडू नका," ते म्हणाले. "पाणी थांबतंय ते चांगलंच हाय. फकस्त खालून त्याला वाट द्या."

मग सगळं भराभर ठरलं. बांधाच्या पोटातून सिमेंटचा एक पाइप टाकायचा आणि तो बुजवायचा नाही. इंजिन कुणीच लावायचं नाही, वरच्यांनी नाही, खालच्यांनी नाही. पात्रात कुणालाही काही नवं करायचं असेल तर आधी दुसऱ्या गावाला जाऊन सांगायचं. रस्ता मोकळा. कुणीतरी विचारलं, लिहून घ्यायचं का. मामा म्हणाले, "लिहून ठेवायचं कुठं? लातूरला का नांदेडला?" त्यावर दोन्हीकडची माणसं एकदम हसली. त्या हसण्यावर शिक्कामोर्तब झालं असं मी समजते.

आता वाटतं, सगळे तह असेच होत असतील. गालिचे, सह्या, झेंडे नंतर येत असतील. आधी कुणीतरी आपली प्यारी वस्तू स्वतःच्या तोंडानं मोजणीत धरतो आणि समोरचा उठून मधली जागा ओलांडतो. हे पुस्तकात नसतं, पण पुस्तक वाचलं नसतं तर त्या दिवशी कोणता प्रश्न विचारायचा ते मला सुचलं नसतं. शिक्षणाचा उपयोग याहून जास्त मी कधी मागितला नाही.

अक्का त्याच आठवड्यात आली. तिला मुलगी झाली. अव्वानं घरभर ओव्याचा धूर केला आणि मी बाळाच्या पाळण्याची दोरी पायाला बांधून राष्ट्रांचं सार्वभौमत्व पाठ केलं.

करार एकदा मोडायलाही आला. एके सकाळी पाइपातून पाणी येईना. आमच्याच गावातल्या कुणीतरी आतून पोतं कोंबलं होतं. कोणी, ते सगळ्यांना कळलं होतं. अप्पांनी त्याला जाब विचारला नाही. ते धोतर खोचून पाण्यात उतरले, खांद्यापर्यंत हात घालून पोतं ओढून काढलं आणि काठावर सगळ्यांना दिसेल असं वाळत घातलं. खालच्या गावचं कुणी विचारायला येण्याच्या आत पाणी सुरू झालं होतं. पुन्हा पोतं कुणी घातलं नाही. पोलीस आला नाही, दंड झाला नाही.

मोसंबी गेली. फुलं आधी गळली, मग पानं मुडपली. अप्पा रोज एकदा बागेत जाऊन येत. पुढं पाऊस झाल्यावर त्यांनी वाळकी झाडं काढून तिथं तूर पेरली. ती चांगली आली. मोसंबी त्यांनी पुन्हा लावली नाही, आणि जे झालं त्याबद्दल माझ्यावर रागही धरला नाही. एकदा फक्त म्हणाले, "तू त्या दिवशी माझं नाव घेतलं न्हाईस, ते बरं केलंस."

परीक्षेला मी लातूरला आले. नद्यांवर प्रश्न आलाच नाही. मी दुसरे प्रश्न लिहिले आणि चांगल्या गुणांनी पास झाले. निकालानंतर हाश्मी सरांना ही सगळी हकीकत सांगितली तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला. "करार तोंडी झाला?" त्यांनी विचारलं. हो म्हणाले. "मजबूत असेल मग," ते म्हणाले, आणि नांदेडची गाडी पकडायला निघाले.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी घरी होते. नायगावच्या बाजूची दोन गावं, आम्हाला अनोळखी, एका तळ्यावरून भांडत होती. त्यांची माणसं आमच्या दारात आली. मला वाटलं माझ्याकडे आली असतील, आता मी जवळजवळ वकील होते. ती अप्पांकडे आली होती. "तुमी येऊन बसा आमच्यात," म्हणाली. अप्पांनी डोक्याला पागोटं बांधलं, कपाळाला भस्म लावलं.

"काय सांगणार त्यांना?" मी विचारलं.

"आधी ऐकणार," ते म्हणाले आणि गाडीत बसले.

दिवस मावळायला ते परत आले. अंगावर धूळ, घसा बसलेला. अव्वानं हातपाय धुवायला पाणी दिलं. मी दारातच उभी होते.

"जमलं का अप्पा?"

त्यांनी पाय पुसले, पागोटं खुंटीला अडकवलं. "दोन्हीकडचे थोडे थोडे नाराज हायत," ते म्हणाले. "टिकंल हे." आणि ताटावर जाऊन बसले.